दहावी-बारावीतली कॉपी: पालक, विद्यार्थी आणि पर्यवेक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

जानेवारी उजाडला की शाळेत ‘कॉपीमुक्त अभियाना’ची शपथ होते आणि फेब्रुवारीत पहिल्या पेपरच्या दिवशी शाळेच्या भिंतीवर चढलेल्या नातेवाइकांचे फोटो पेपरात येतात. दोन्हींच्या मधल्या काळात लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षांपुरती आहेत. शेवटाकडे लहान वर्गांच्या चाचण्यांबद्दलही थोडं आहे.

मंडळाच्या लेखी ‘कॉपी’ म्हणजे काय काय?

आपल्या डोक्यात चिठ्ठी असते. मंडळाचा शब्द ‘गैरमार्ग’ आहे आणि तो बराच ऐसपैस आहे. जवळ छापील किंवा लिहिलेला कागद बाळगणं, मोबाईल आत नेणं, शेजाऱ्याशी बोलणं, त्याला आपलं दाखवणं, त्याचं बघणं, हातावर किंवा हॉल तिकिटावर काही लिहून आणणं हे सगळं त्यात येतं. उत्तरपत्रिकेत पैशांची नोट ठेवणं, ‘सर, मला पास करा, घरी आई आजारी आहे’ अशी विनवणी लिहिणं, आपली ओळख पटेल अशी खूण करणं, पान फाडणं, उत्तरपत्रिका बाहेर नेणं, पर्यवेक्षकाला धमकावणं आणि दुसऱ्याच्या नावावर पेपरला बसणं, म्हणजे तोतयेगिरी, हेही त्यातच मोडतं. प्रत्येक प्रकाराला कोणती शिक्षा, याची ‘शिक्षासूची’ मंडळ काढतं आणि ती परीक्षेआधी मुलांना वाचून दाखवणं शाळेचं काम आहे. बहुतेक ठिकाणी ती इतक्या घाईत वाचली जाते की मुलांना शेवटचं ‘कारवाई होईल’ तेवढंच ऐकू येतं. पालकांनी एकदा मुलासोबत बसून ती शांतपणे वाचावी, दहा मिनिटांचं काम आहे.

खिशात चिठ्ठी होती, पण वापरली नाही. तरी गुन्हा?

हो. जवळ सापडली एवढं पुरेसं आहे. ‘ती कालच्या पेपरची होती’ हे खरं असलं तरी पंचाईत होतेच. पेपर सुरू होण्याआधी खिसे, कंपास, पॅडची मागची बाजू, पाण्याच्या बाटलीचं लेबल तपासून घ्या. वर्गात बसल्यावर लक्षात आलं तर हात वर करा आणि कागद स्वतःहून पर्यवेक्षकांकडे द्या. प्रश्नपत्रिका हातात पडण्याआधी दिलेला कागद आणि नंतर सापडलेला कागद यांत फार फरक आहे.

शेजारच्याने माझं बघून लिहिलं, तर मीही अडकेन का?

अडकू शकता. तपासताना दोन उत्तरपत्रिकांत एकसारखी चूक दिसली, तर कोणी कोणाचं पाहिलं हे परीक्षकाला कळत नाही. चौकशीला दोघांनाही बोलावलं जातं. मैत्रीत ‘जरा सरकव ना’ म्हणणाऱ्याला नाही म्हणणं पंधराव्या वर्षी अवघड असतं, हे मान्य. म्हणून हे संभाषण परीक्षेच्या आठवडाभर आधीच होऊन गेलेलं बरं.

पेपर फुटतो म्हणजे नेमका कुठे फुटतो?

प्रश्नपत्रिकेचा प्रवास पाहिला की हे कळतं. सीलबंद पाकिटं जिल्ह्यात येतात आणि परीरक्षकाच्या, म्हणजे त्या सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात कस्टडीत राहतात. पेपरच्या दिवशी सकाळी सहायक परीरक्षक, ज्याला सगळे ‘रनर’ म्हणतात, ती परीक्षा केंद्रावर पोचवतो. केंद्रसंचालक ती ताब्यात घेतात. वर्गनिहाय पंचवीस प्रश्नपत्रिकांचं पाकीट पर्यवेक्षक वर्गात नेतो, ते फोडलेलं नाही याची खात्री दोन विद्यार्थ्यांकडून करून घेतो, त्यांच्या सह्या घेतो आणि मगच उघडतो.

आता कच्चे दुवे मोजा. कस्टडीत पोलीस असतात. रनरला जीपीएस सुरू ठेवावं लागतं, चित्रीकरणही करावं लागतं. उरतो तो केंद्रावर पाकीट पोचल्यापासून मुलांच्या हाती प्रश्नपत्रिका जाईपर्यंतचा थोडासा वेळ. पूर्वी मुलांना प्रश्नपत्रिका वाचायला दहा मिनिटं आधी मिळायची, अकराचा पेपर दहा पन्नासला. त्या दहा मिनिटांत पानाचा फोटो बाहेर जायचा. २०२३ पासून मंडळाने ती सोय बंद केली आणि तीच दहा मिनिटं पेपरच्या शेवटी दिली. सकाळचा पेपर दोन वाजून दहा मिनिटांनी संपतो तो त्यामुळे. मुलांनी सुरुवातीला कुरकुर केली, पण निर्णय योग्यच होता.

त्याच वर्षी, ३ मार्च २०२३ रोजी, बारावीच्या गणिताच्या पेपरची काही पानं बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा भागातून पेपर सुरू होण्याआधीच व्हॉट्सॲपवर फिरली. तपासात अटक झालेल्यांत शिक्षक होते. म्हणजे दहा मिनिटं वाचवली तरी पाकीट हाताळणारा माणूसच फितूर असेल तर सीलला काही अर्थ उरत नाही.

एक भेद मात्र लक्षात ठेवा. पेपर सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्रश्नपत्रिका बाहेर दिसली, तर ती मंडळाच्या दृष्टीने ‘पेपरफुटी’ ठरतेच असं नाही. मुलं तेव्हा आत बसलेली असतात. पण त्या पानावरून बाहेर उत्तरं तयार होऊन झेरॉक्समार्गे खिडकीतून आत येतात, हा दुसरा धंदा. केंद्राच्या आसपासची झेरॉक्स दुकानं पेपरच्या वेळेत बंद ठेवायला लावतात ती यासाठी.

मोबाईलवर ‘उद्याचा पेपर’ आला. काय करू?

पुढे पाठवू नका, मित्रालाही नाही. ज्याच्या फोनवरून फाइल गेली तो तपासात येतो, मग हेतू काहीही असो. वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि मुख्याध्यापकांना किंवा मंडळाच्या विभागीय कार्यालयाला कळवा. टेलिग्रामवर पैसे घेऊन विकले जाणारे बहुतेक ‘पेपर’ बनावट असतात: मागच्या वर्षीचं मुखपृष्ठ आणि आत कुठल्या तरी क्लासची सराव प्रश्नपत्रिका. पैसे बुडतात, शिवाय मुलाची रात्र त्या बोगस प्रश्नांच्या पाठांतरात जाते, हे नुकसान जास्त मोठं.

‘ते सेंटर चांगलं आहे’ असं लोक म्हणतात. म्हणजे काय?

म्हणजे तिथे कॉपी चालते. इतकं गोड विशेषण इतक्या कडू गोष्टीला फक्त आपल्याकडेच मिळू शकतं.

या प्रश्नाला जरा वेळ देऊ, कारण खरी मेख इथे आहे. चिठ्ठी मुलाच्या खिशात असली तरी सामुदायिक कॉपी मुलं करत नाहीत, मोठी माणसं ती घडवून आणतात. शाळेला निकाल हवा असतो, कारण निकाल पडला की पुढच्या वर्षी प्रवेश कमी, तुकडी कमी आणि शिक्षक अतिरिक्त. काही कनिष्ठ महाविद्यालयं तर ‘पासिंगची हमी’ देऊन शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या मुलांची नावं पटावर घेतात. मुलगा वर्षभर शहरातल्या क्लासमध्ये असतो आणि परीक्षेपुरता गावात उगवतो. क्लासला जेईई-नीटची तयारी हवी असते, महाविद्यालयाला पट हवा असतो, पालकाला बारावीची चिंता नको असते. सगळ्यांचं जमतं. मग पर्यवेक्षकाला चहा येतो, गेटवरचा शिपाई बाजूला होतो आणि ‘जरा सहकार्य करा सर’ ही विनंती पहिल्या तासाला कानावर पडते.

हे मोडता येतं का? येतं. २०१० च्या सुमारास नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी महसूल, पोलीस आणि शिक्षण खातं एकत्र आणून जिल्ह्यात कॉपीमुक्त परीक्षा घेतल्या. बैठी पथकं केंद्रावर पूर्णवेळ बसवली. निकाल धाडकन खाली आला, ओरड झाली, पण पुढच्या वर्षांत मुलं वर्गात दिसू लागली. ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून मग राज्यभर त्याची चर्चा झाली. यातला अवघड भाग पथकं नेमण्याचा नव्हता. घसरलेल्या निकालाची जबाबदारी घ्यायला वरचा माणूस तयार होता, हे दुर्मीळ आहे.

पर्यवेक्षकांच्या अदलाबदलीचा काय उपयोग? सीसीटीव्ही, ड्रोन?

२०२५ च्या परीक्षेआधी मंडळाने सगळ्याच केंद्रांवर बाहेरच्या शाळांचे पर्यवेक्षक नेमायचं ठरवलं होतं. शिक्षक संघटनांनी विरोध केला. शेवटी २०१८, २०१९, २०२०, २०२३ आणि २०२४ या परीक्षांत जिथे गैरप्रकार आढळले, त्या केंद्रांपुरतीच अदलाबदल झाली. शिक्षकांचा राग समजतो, ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ पण आपल्याच शाळेच्या निकालावर आपलीच नोकरी टिकून असताना आपल्याच मुलांवर पहारा ठेवायला सांगणं, हा त्या शिक्षकावरच अन्याय आहे. अदलाबदलीने त्याची त्यातून सुटका होते.

सीसीटीव्ही उपयोगी पडतो, चित्रण नंतर कोणी पाहणार असेल तर. ड्रोनने भिंतीवरचे नातेवाईक पांगतात. वर्गातल्या फळ्यावर उत्तरं लिहिणारा शिक्षक मात्र ड्रोनला दिसत नाही.

मी पहिल्यांदाच पर्यवेक्षक आहे. काय सांभाळू?

पहिल्या पंधरा मिनिटांत अर्धं काम होतं. वर्गात मुलांच्या आधी पोचा. बाकांचे खण, खिडकीच्या कट्ट्याचा बाहेरचा भाग, फळ्यामागची फट, दिव्याच्या बटणांच्या पेटीवरची जागा पाहून घ्या. खिडकीखाली पायवाट असेल तर त्या बाजूला जास्त उभे राहा. मुलं आली की मोकळ्या आवाजात सांगा: ‘ज्याच्याकडे काही असेल त्याने आत्ता पुढे आणून टाका, मी नाव लिहिणार नाही.’ टेबलावर कागदांचा ढीग होतो. हे एक वाक्य भरारी पथकापेक्षा जास्त कॉपी पकडतं आणि एकाही मुलाचं वर्ष जात नाही. मुलींची झडती फक्त महिला कर्मचाऱ्याने घ्यावी, आडोशाला घ्यावी. कपडे, मंगळसूत्र, बुरखा, तावीज यांवर शेरे मारायचे नाहीत.

हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोरचा चेहरा सावकाश जुळवा. खासगीरीत्या बसणारे, म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरलेले विद्यार्थी असतील तर विशेषतः. त्यांना ओळखणारं केंद्रावर कोणी नसतं, म्हणून तोतया तिथे सोपा पडतो. बारकोड स्टिकर आणि बैठक क्रमांक तपासून मगच सही करा.

नंतर फिरत राहा, पण मुलाच्या मानेशी उभं राहून त्याचा श्वास कोंडू नका. स्वतःचा मोबाईल बाहेर ठेवा. पेपर तपासायला, वर्तमानपत्र वाचायला किंवा दारात उभं राहून शेजारच्या वर्गातल्या पर्यवेक्षकाशी गप्पा मारायला ही वेळ नाही. शेवटच्या वीस मिनिटांत सगळ्यात जास्त माना वळतात. तेव्हा पुरवण्यांच्या हिशेबात डोकं घालून बसू नका, तो आधीच करून ठेवा.

कोणी वरून ‘सहकार्य’ मागितलं तर? तोंडी मागितलेलं तोंडीच नाकारा आणि बैठ्या पथकाच्या प्रमुखांच्या कानावर घाला. एकट्याने शौर्य गाजवायची गरज नाही. पण गप्प राहिलात आणि उद्या त्या वर्गातल्या वीस उत्तरपत्रिका सारख्या निघाल्या, तर वर्गाच्या कागदावर सही तुमची असते.

मूल सापडलं तर त्याच क्षणी काय करायचं?

आवाज चढवायचा नाही. हात उगारायचा नाही, कॉलर धरायची नाही, इतरांसमोर ‘बघा याला’ करायचं नाही. कागद आणि उत्तरपत्रिका ताब्यात घ्या, वेळ टिपून ठेवा, केंद्रसंचालकांना बोलवा. पुढचा जबाब, पंचनाम्यासारखी नोंद आणि ठरावीक नमुन्यातला अहवाल हे त्यांच्या खोलीत होतं. मुलाला काय लिहायचं ते सांगू नका, त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत लिहू द्या. जप्त केलेला कागद अहवालासोबत जायलाच हवा. तो ‘गहाळ’ झाला की प्रकरण तिथेच संपतं, आणि ज्याच्या ओळखीचं कोणी नाही असं मूल तेवढं शिक्षा भोगतं.

आणखी एक. मूल पेपरनंतर एकटं घरी जाऊ देऊ नका. पालकांना फोन करा आणि ते येईपर्यंत त्याच्यासोबत एक शिक्षक ठेवा.

पुढे काय होतं? वर्ष जातं का?

अहवाल विभागीय मंडळाकडे जातो. निकाल राखून ठेवला जातो, विद्यार्थ्याला चौकशीला बोलावतात आणि म्हणणं मांडायची संधी देतात. शिक्षा प्रकारानुसार ठरते. त्या परीक्षेची संपादणूक, म्हणजे मिळालेले गुण, रद्द होते, आणि गंभीर प्रकारांत पुढच्या एक किंवा अधिक परीक्षांना बसायला मनाईही होते. चौकशीला जा. ‘काय व्हायचं ते होईल’ म्हणून घरी बसणारे पालक मुलाची बाजू मांडायची एकमेव जागा सोडून देतात. चिठ्ठी दुसऱ्याने फेकली असेल तर ते तिथेच सांगायचं असतं, जबाबात लिहिलेलं असेल तर अधिक चांगलं.

पोलीस केस होते का?

महाराष्ट्रात यासाठी १९८२ पासून कायदा आहे: विद्यापीठ, मंडळ आणि इतर विनिर्दिष्ट परीक्षांमधल्या गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा. पेपर फोडणं, उत्तरं पुरवणं, तोतया बसवणं अशा प्रकारांत त्याखाली गुन्हे दाखल होतात. २०२५ मध्ये सरकारने आणखी ताठर भूमिका घेतली: गैरप्रकार झालेलं केंद्र कायमचं बंद, सामील शिक्षक-कर्मचारी बडतर्फ. कागदावर हे कडक आहे. किती केंद्रं खरोखर कायमची बंद राहतात, याकडे लक्ष ठेवावं.

दिल्लीहून आलेला २०२४ चा सार्वजनिक परीक्षा कायदा, दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटीच्या दंडाचा, तो वेगळा. तो यूपीएससी, रेल्वे भरती, बँक भरती, एनटीएच्या परीक्षा यांना लागू आहे. दहावी-बारावीला नाही.

उत्तरपत्रिकेत दुसऱ्याचं अक्षर सापडलं तर दोष कोणाचा?

२०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर विभागात बारावीच्या भौतिकशास्त्राच्या साडेतीनशेहून अधिक उत्तरपत्रिकांत दोन वेगळी अक्षरं आढळली. मुलं म्हणाली, आम्ही लिहिलेलं नाही. शेवटी शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. उत्तर संपलं की खालच्या मोकळ्या जागेवर आणि उरलेल्या कोऱ्या पानांवर रेघ मारायची सवय मुलांना लावा ती अशासाठी.

अंतर्गत वीस गुण शाळा वाटते, ती कॉपी नाही का?

अवघड प्रश्न, आणि रास्त. २०१९ च्या दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. गुण परत दिले आणि २०२० ला तो ९५.३० झाला. २०१९ ला अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सगळं खापर त्या वीस गुणांवर फोडता येणार नाही. पण तोंडी परीक्षा न घेता सगळ्यांना अठरा-एकोणीस देणारी शाळा मुलांना नेमकं काय शिकवते, हे शपथ वाचून घेणाऱ्या मुख्याध्यापकांनी स्वतःला विचारावं.

लेखनिक घेतला तर लोक संशय घेतात.

घेऊ देत. दिव्यांग विद्यार्थ्याला लेखनिक आणि जादा वेळ हा हक्क आहे. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा, मंडळाची परवानगी आधी घ्यावी आणि कागद सोबत ठेवावेत. लेखनिक सांगितलेलं लिहितोय की स्वतःच्या मनाने, एवढंच पर्यवेक्षकाने पाहायचं.

लहान वर्गांच्या ‘पॅट’मध्ये, म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणीत, कोण कशाला कॉपी करेल?

मुलं करत नाहीत. पायाभूत आणि संकलित चाचण्यांचे गुण वर जातात, शाळांची तुलना होते, मग काही ठिकाणी उत्तरं फळ्यावर येतात. प्रश्नपत्रिका उत्तरांसकट यूट्यूबवर आधीच दिसल्याचेही प्रकार झाले आहेत. या चाचण्या मुलाला नापास करण्यासाठी नाहीतच. कोणाला हातच्याची वजाबाकी येत नाही, कोणाला उतारा वाचता येत नाही, ते कळावं म्हणून आहेत. खोटे गुण भरले की ज्या मुलाला मदत हवी होती त्याचं नाव यादीतून गळतं. अधिकाऱ्यांनी कमी गुणांबद्दल केंद्रप्रमुखांची (शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्यांची) खरडपट्टी काढणं थांबवलं तर यातली निम्मी फसवणूक आपोआप थांबेल.

शाळेने वर्षभरात काय करावं?

नववीपर्यंतच्या घटक चाचण्यांत पर्यवेक्षण ढिलं ठेवायचं आणि दहावीला एकदम पोलीस बोलवायचे, हे चालत नाही. पहिल्या घटक चाचणीपासून नियम तेच ठेवा. मुलांना चिठ्ठ्या करायला सांगा, खरंच. एका धड्याची तळहाताएवढी चिठ्ठी करताना महत्त्वाचं निवडावं लागतं, म्हणजे अभ्यास होतो. ती वर्गात दाखवायची, वहीत चिकटवायची आणि घरी ठेवायची. वाचन कच्चं असलेल्या मुलांची यादी जूनमध्येच करा. कॉपी करणारी बरीच मुलं आळशी नसतात, त्यांना प्रश्नच वाचता येत नाही. पस्तीस गुणांपर्यंत पोचायला कोणते घटक पुरतात, हे त्यांना नीट बसून दाखवलं तर चिठ्ठीची गरज कमी होते. निकाल गेलाच तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा आहे, दहावीत दोन विषयांपर्यंत राहिले तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश आहे. हे पर्याय मुलांना फेब्रुवारीआधी माहीत असायला हवेत. ‘आता नाही तर कधीच नाही’ असं वाटणारं मूल काहीही करतं.

माझा मुलगा पकडला गेला. घरी काय बोलू?

त्या संध्याकाळी कमी बोला. त्याला एकटं सोडू नका, मोबाईलवर नातेवाइकांना कळवत बसू नका. उरलेले पेपर द्यायचे की नाही, ते शाळेला विचारून ठरवा, रागाच्या भरात घरीच ठरवू नका. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही बोललं, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं. मंडळही परीक्षेच्या काळात समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करतं. काय चुकलं, का चुकलं, हे आठवड्याने विचारलं तरी चालतं.

केंद्रावर उघड कॉपी चालली आहे. तक्रार कुठे करू, आणि माझ्या मुलीला त्रास झाला तर?

आधी केंद्रसंचालक. तेच सामील असतील तर विभागीय मंडळाचा नियंत्रण कक्ष, शिक्षणाधिकारी किंवा थेट जिल्हाधिकारी कार्यालय, कारण भरारी पथकं तिथूनही निघतात. विभागीय मंडळांचे हेल्पलाइन क्रमांक परीक्षेआधी जाहीर होतात, ते लिहून ठेवा. तक्रारीत केंद्र क्रमांक, तारीख, विषय, वर्ग आणि वेळ एवढं नेमकं द्या. ‘इथे सगळेच चोर आहेत’ या वाक्यावर पथक निघत नाही. मुलीचं नाव किंवा बैठक क्रमांक घालू नका. व्हिडिओ काढायला मुलीला सांगू नका, मोबाईल आत नेल्याबद्दल तीच अडकेल. आणि तक्रार पेपर संपल्यावर नको, पहिल्या अर्ध्या तासात करा, म्हणजे पथक पोचेपर्यंत पुरावा जागेवर असतो.